तांबड्या शाईची खोड

माझ्या धाकट्या भावाचा छापखाना आहे आणि त्याच्या व्यवहारांत नाक खुपसण्याची मला हौस आहे. कागदवाल्यांचीं बिलें छापखान्याच्या ईमेलवर येतात. तीं आपोआप हिशेबनिसांकडे जावींत, अशी योजना मीं करून दिली. इतक्यावर थांबावें कीं नाहीं? पण प्रत्येक पत्राच्या विषयापुढें 'बिल' हा शब्द लागेल, अशीहि व्यवस्था केली. तीस वर्षें दुसऱ्यांच्या पेपरांवर तांबड्या शाईनें लिहिणारा हात तो!

पुढें एका मोठ्या बिलाचा पत्ता लागेना. ३० नोव्हेंबर ही तारीख जवळ आलेली. मागील आर्थिक वर्षाच्या बिलावरील जीएसटीची वजावट त्यानंतर मागतां येत नाहीं. भावाचा चेहरा मला पाहवेना. शेवटीं तें बिल हिशेबनिसांच्या स्पॅमच्या अडगळींत सांपडलें.

कारण समजलें तेव्हां मी खजील झालों. पत्रावर नांव कागदवाल्याचें, पण तें पोंचविणारा सर्व्हर आमचा; कागदवाल्यानें जाहीर केलेल्या यादींत तो नाहीं. एसपीएफच्या परीक्षेंत असें पत्र नापास व्हावयाचेंच. तरीहि डीकेआयएम नांवाची अदृश्य मोहोर त्याच्या खरेपणाची साक्ष देते. मात्र विषय व मजकूर जसेच्या तसे राहिले पाहिजेत. माझ्या एका शब्दानें ती मोहोर फुटली होती!

तो शब्द मीं काढून टाकला. मूळ प्रत छापखान्याच्या पेटींत राहील असेंहि केलें.

"दादा, आणखी कांहीं सुधारणा?" भावानें विचारलें.

मीं समोरचें प्रूफ ओढून घेतलें. पहिल्याच ओळींत एक अनुस्वार गळला होता.