ड्रॉटनिंगहोमचा रहाट

नेपथ्यकार बंधूंस,


जुन्या नाट्यगृहाचे जतन करायचे म्हणजे नेमके काय जपायचे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर स्वीडनमधील ड्रॉटनिंगहोम राजवाड्याच्या आवारातील नाट्यगृहात जितके स्पष्ट सापडते तितके इतरत्र क्वचितच सापडेल. स्टॉकहोमच्या पश्चिमेस मेलारेन सरोवरातील एका बेटावर हा राजवाडा आहे. तेथील पहिले नाट्यगृह 1762 साली आगीत भस्मसात झाल्यावर राणी लोव्हिसा उलरिका हिने कार्ल फ्रेड्रिक आडेलक्रांट्स या वास्तुविशारदाकडून नवे बांधून घेतले आणि 1766 साली ते सुरू झाले. पैसा बेताचा होता, म्हणून संगमरवर वाटते ते रंगवलेले लाकूड आहे आणि कोरीवकाम वाटते ते बरेचसे कागदाच्या लगद्याचे व गिलाव्याचे आहे.

खरे वैभव रंगमंचाच्या खाली आहे. इटालियन यंत्रकुशल डोनाटो स्टोपानी याने रचलेल्या व्यवस्थेत विंगा, म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही कडांना एकामागे एक उभ्या केलेल्या रंगीत चौकटी, तळघरातील चाकांच्या गाड्यांवर बसवल्या असून त्या सर्वांचे दोर एका उभ्या रहाटाशी जोडलेले आहेत. त्यामुळे कामगार आडव्या दांड्या धरून रहाट ढकलू लागले की जुन्या चौकटी मागे सरतात, त्याच वेळी नव्या पुढे येतात आणि पडदा न पाडता, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, बागेच्या जागी तुरुंग उभा राहतो. समुद्रासाठी पिळदार घडवलेले लांब लाकडी दंड गोल फिरवतात आणि लाटांमागून लाटा येत असल्याचा भास होतो. वाऱ्याचा घोंघाव लाकडी पिंपावर कापड घासून निघतो, तर मेघगर्जना दगड भरलेली पेटी उंचावर कलती करून.

राणीचा मुलगा तिसरा गुस्ताव स्वतः नाटके लिहिणारा राजा होता आणि त्याच्या काळात या रंगमंचाला बहर आला. मार्च 1792 मध्ये स्टॉकहोमच्या ऑपेरागृहातील मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात त्याच्यावर गोळी झाडली गेली, त्यातच त्याचा अंत झाला आणि नाट्यगृह ओस पडले. या उपेक्षेनेच ते वाचवले, असे म्हणणे भाग आहे, कारण युरोपातील इतर रंगमंचांवर पुढे गॅसचे दिवे, वीज आणि लोखंडी सांगाडे आले, येथे मात्र बदल करावा असे कोणाला वाटलेच नाही. 1921 साली एका चित्राच्या शोधात आलेल्या आग्ने बेयेर या अभ्यासकाला धुळीखाली सारी यंत्रणा आणि सुमारे तीस देखाव्यांचे मूळ नेपथ्य जसेच्या तसे आढळले. दोर नवे घातले गेले, मेणबत्त्यांच्या जागी मंद विजेचे दिवे आले आणि 1922 साली प्रयोग पुन्हा सुरू झाले. नव्या दोरांमुळे अस्सलपणा उणावला असे मानणे चुकीचे आहे. दोर झिजण्यासाठीच असतो, आणि तो बदलला गेला म्हणूनच रहाट फिरता राहिला. तरीही जीर्ण लाकडाची मर्यादा तेथे ओळखली जाते. इंगमार बर्गमन यांनी मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’वर केलेल्या, 1975 साली आलेल्या चित्रपटासाठी हा नाजूक रंगमंच न वापरता त्याची प्रतिकृती स्टुडिओत उभारली होती.

1991 साली या राजवाड्याच्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि आजही उन्हाळ्यात तेथे ऑपेरा होतात. आपल्याकडील जुन्या रंगमंचाची नोंद करताना छत आणि खांब यांच्याबरोबर दोर, कप्प्या आणि ते ओढणाऱ्या कामगारांची हातोटीही लिहून ठेवावी, ही आग्रहाची विनंती.