क्षेत्र, वास्तू आणि हर्टफर्डशायर

जयसिंगपूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक 2025 च्या जून महिन्यात पत्नीसह मुलाकडे इंग्लंडला गेले. मुलगा व सून लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशायर काउंटीतील स्टीव्हनेज येथे भाड्याच्या घरात राहतात. पोहोचल्यावर चौथ्या दिवशी मुलाने वडिलांपुढे एक कागद ठेवला. “अण्णा, सही करण्याआधी नीट वाचा,” असे तो म्हणाला. मजकूर थोडकाच होता : घरखरेदीसाठी दिलेली रक्कम ही भेट आहे, कर्ज नव्हे, ती परत मागितली जाणार नाही, आणि त्या घरात देणाऱ्याचा कोणताही हक्क राहणार नाही. गृहकर्ज देणाऱ्या तिथल्या बँकांना असे पत्र लागते.

त्यांच्या पत्नीने अर्थ समजून घेतला आणि विचारले, “म्हणजे आपला प्लॉट विकायचा, आणि तिथं आपलं काहीच नाही?”

अण्णांनी त्या दिवशी सही केली नाही. आधी आकडे पाहावेत असे त्यांना वाटले.

पाहिलेले घर साडेतीन लाख पौंडांचे होते. मुलगा व सून यांनी पाच वर्षांत पस्तीस हजार पौंड साठवले होते, म्हणजे किमतीच्या दहा टक्के. हे मार्जिन पंधरा टक्क्यांवर गेले तर व्याजाचा दर उतरतो. त्यासाठी आणखी साडेसतरा हजार पौंड, अर्थात सुमारे वीस लाख रुपये हवे होते. दर थोडासा उतरला तरी तीस वर्षांच्या कर्जात त्याचा फरक लहान राहत नाही. शिवाय तेथे दर बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरताच निश्चित असतो, पुढे पुन्हा बाजारभावाने ठरवावा लागतो. 2021 मध्ये दोन टक्क्यांहून कमी दराने कर्ज घेतलेल्या अनेकांना 2023 मध्ये सहा टक्क्यांच्या आसपासचा दर पत्करावा लागला, कारण बँक ऑफ इंग्लंडचा दर 0.1 टक्क्यावरून दोन वर्षांच्या आत 5.25 टक्क्यांपर्यंत गेला होता. अण्णा गेले त्या सुमारास तो सव्वाचार टक्क्यांवर उतरला होता. घरांच्या किमती मात्र त्या प्रमाणात उतरल्या नव्हत्या.

त्या का उतरत नाहीत, हे त्यांना आगगाडीच्या खिडकीतून दिसले. स्टीव्हनेजहून लंडन अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे, आणि वाटेत कितीतरी वेळ नुसती हिरवी शेते लागतात. पडीक नाहीत, पण त्यांवर घरही नाही. लंडनभोवतीचा हा ‘ग्रीन बेल्ट’ हर्टफर्डशायरची अर्ध्याहून अधिक भूमी व्यापतो. तेथे बांधकामाची परवानगी अपवादानेच मिळते. 1947 च्या नियोजन कायद्यापासून इंग्लंडात जमीन स्वतःची असली तरी तीवर बांधण्याचा हक्क आपोआप येत नाही. म्हणून घराची जी किंमत मोजली जाते, तिच्यात विटांपेक्षा परवानगी असलेल्या जागेचाच वाटा मोठा असतो. 1997 मध्ये इंग्लंडात मध्यम घराची किंमत मध्यम वार्षिक पगाराच्या साडेतीन पट होती. 2021 मध्ये ती नऊ पट झाली. याच काउंटीतील सेंट अल्बन्सचे भाव ऐकून मुलाने ते नाव पुन्हा काढले नाही.

रविवारी सर्वजण पॉटर्स बार जवळच्या ओशवाल केंद्रातील देरासरात दर्शनाला गेले. 2010 मध्ये प्रतिष्ठा झालेले ते संगमरवरी मंदिर पाहून अण्णांच्या पत्नीचे मन निवले. परदेशात आल्यापासून प्रथमच त्या मोकळेपणाने बोलल्या. तेथे केनियाहून आलेले एक वृद्ध श्रावक भेटले. त्यांनी 1969 मध्ये पाच हजार पौंडांच्या आत घर घेतले होते. “मी काहीच केले नाही, घरच वाढत गेले,” ते हसून म्हणाले, “आणि नातू अजून भाड्याने राहतो.”

या वाढीचा धनी कोण, हा प्रश्न एका गृहस्थाने सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता. एबेनेझर हॉवर्ड हा व्यवसायाने लघुलेखक. वस्ती वाढली की जमिनीचे मोल वाढते; ती वाढ सर्वांच्या वास्तव्याने होते, तेव्हा ती सर्वांच्याच कामी यावी, हा त्याचा विचार. त्यातून 1903 मध्ये लेचवर्थ हे उद्याननगर उभे राहिले. स्टीव्हनेजहून ते जवळच आहे. 1960 च्या सुमारास एका कंपनीने ही मिळकत ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा संसदेने 1962 मध्ये खास कायदा करून ती वाचवली. आजही तेथील मिळकतीचे उत्पन्न एक न्यास गावासाठी खर्च करतो. घरे मात्र तेथेही बाजारभावानेच विकली जातात. अण्णा तेथील झाडांखाली बराच वेळ बसले होते.

अण्णांनी अनेक वर्षांपूर्वी परिग्रह-परिमाण व्रत घेतले आहे. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत क्षेत्र आणि वास्तू ही पहिली दोन नावे. त्यांच्या वहीत वास्तूपुढे ‘एक’ असे लिहिलेले आहे. जयसिंगपूरचे ते राहते घर मुलाच्या नावे करावे म्हणून त्यांनी बक्षीसपत्राचा मसुदाही करून ठेवला होता. ही गोष्ट सहज निघाली तेव्हा सुनेने त्यांना थांबवले. पहिल्यांदा घर घेणाऱ्यास तिथल्या मुद्रांक करात सवलत असते. त्या किमतीवर केवळ अडीच हजार पौंड भरावे लागत होते. पण जगात कोठेही आधी घर नावावर झालेले असेल तर सवलत जाते, आणि ते चाळीस हजार पौंडांहून अधिक किमतीचे असेल तर वर पाच टक्के जादा कर लागतो. एकूण पंचवीस हजार पौंड झाले असते. प्रेमाने केलेल्या एका कागदाने मुलाची बहुतेक सारी शिल्लक गेली असती!

पुढे पाठवणीचा विचार झाला. वर्षात दहा लाखांवर रक्कम परदेशी पाठवली की वरच्या रकमेवर वीस टक्के कर आधी कापला जातो, विवरणपत्रात तो वळता होतो हे खरे. त्यापेक्षा प्लॉट दोघांच्या नावे असल्याने प्रत्येकी दहा लाख पाठवावेत असे ठरले. त्यामुळे पत्रही दोन झाली, आणि दुसऱ्यावर पत्नीची सही हवी होती.

त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी सामायिक आटोपून त्या स्वयंपाकघरात आल्या. सुनेला म्हणाल्या, “घरात देवघराला जागा आहे ना, ते मला दाखव.” सुनेने घराचा नकाशा पुढे केला. जिन्याजवळच्या एका कोनाड्यावर बोट ठेवून तिने पूर्वदिशा सांगितली. मग त्यांनी चष्मा मागितला आणि सही केली.

जयसिंगपूरला परतल्यावर अण्णांनी बक्षीसपत्राचा मसुदा कपाटात तसाच ठेवला. वहीत क्षेत्रापुढील प्लॉटची नोंद खोडली. वास्तूपुढे ‘एक’ आहे ते तसेच राहिले.