बिघाड कॉम्प्युटरचा, बोल पोराला

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो 2019 साली. चेंबूरच्या चाळीतली आमची खोली दहा बाय बाराची. त्यात आम्ही दोघे नवरा-बायको, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. शिलाई मशीनचे टेबल रिकामे करून त्यावर कॉम्प्युटर मांडला. नवा नव्हता. लॅमिंग्टन रोड म्हणून सगळे ज्याला ओळखतात त्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून साडेनऊ हजारांत जुनाच आणला होता. भिशी लागली होती, ती सगळी त्यात गेली.

पण ती वाया गेली असे आम्हाला कधी वाटले नाही. मुलगी टायपिंगच्या परीक्षा पास झालेली. क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांचा मजकूर, वकिलांचे कागद ती घरी बसून टाइप करून देते. महिन्याला पाच-सहा हजार सुटतात. आमच्यापैकी एक एसटीच्या आगारातून निवृत्त झालेला, दुसरी अंगणवाडीत मदतनीस. तेव्हा हा कॉम्प्युटर म्हणजे घरातले एक कमावते माणूसच होता.

2024 च्या पावसाळ्यात हे कमावते माणूस आजारी पडले. कधी पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजायचे. माऊस हलायचा नाही, कोपऱ्यातले घड्याळसुद्धा थांबायचे. कधी पडदा एकदम काळा व्हायचा आणि यंत्र आपले आपणच पुन्हा सुरू व्हायचे. ठरलेली वेळ नाही, ठरलेले काम नाही. चार दिवस सुरळीत चालायचे आणि पाचव्या दिवशी तीनदा बंद पडायचे.

एका रात्री मुलगी एका क्लासच्या साठ पानी सराव प्रश्नसंचाचे काम करत होती. सकाळी नऊला ते द्यायचे होते. बेचाळिसाव्या पानावर पडदा काळा झाला. पुन्हा सुरू करून पाहते तो दुपारी सेव्ह केलेली अठरा पानेच शिल्लक. पोरगी डोके धरून बसली. ते काम तर गेलेच, पण तो क्लासवाला पुढे आलाच नाही.

आमचे दोघांचेही डोळे त्या वेळी धाकट्याकडे वळले. तो अकरावीला. संध्याकाळी तासभर गेम खेळायचा.

"तूच काहीतरी टाकलंस त्यात."

"अण्णा, मी आठवडाभर हातसुद्धा लावला नाही."

"खोटं बोलू नकोस. तुझ्याशिवाय आहे कोण?"

त्याने आईकडे पाहिले. तिनेही मान फिरवली. त्या दिवसापासून त्याला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी झाली. तो काही बोलला नाही. पण नंतर बोलेनासाच झाला. जेवायला बसला की भिंतीकडे तोंड करून बसायचा.

आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, व्हायरस आहे, फॉरमॅट मारतो. पाचशे रुपये दिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या, अठरा हजारांत बसवून देतो. अठरा हजार आणायचे कुठून? दोघांनीही झाकण उघडून, हत्यार लावून काही तपासले नव्हते. दोघांनी अंदाज सांगितला होता. आणि खरे बोलायचे तर घरात आम्हीही दुसरे काय केले होते?

एका रविवारी सकाळी धाकट्याने शाळेची जुनी वही आमच्यापुढे ठेवली. पट्टीने रकाने पाडलेले. तारीख, वेळ, ताई काय करत होती, थिजला की बंद होऊन सुरू झाला, घरात त्या वेळी दुसरे काय चालू होते. कोपऱ्यात अभ्यासाला बसल्या बसल्या तो हे लिहीत होता.

"अण्णा, नऊ दिवस झाले, मी लांब आहे. तरी चौदा वेळा झालं."

आमच्या तोंडून शब्द फुटेना. एसटीच्या आगारात तीस वर्षे गाड्या दुरुस्त करण्यात गेली. गाडी वाटेत बंद पडायला लागली तर तिथला पहिला नियम असा की, संशय आहे तो एकच भाग बदलायचा, गाडी चालवून पाहायची, बिघाड राहिला तर तो भाग निर्दोष. एकदम दोन भाग बदलायचे नाहीत, कारण मग दोष कशात होता ते कळत नाही. या घरात आम्ही पोराला नऊ दिवस बाजूला काढले होते आणि बिघाड जसाच्या तसा होता. आमच्याच नियमाने तो पहिल्या दोन दिवसांत सुटायला हवा होता. आम्ही त्याला सोडले नाही.

मग चौघे मिळून वही घेऊन बसलो. चौदांपैकी नऊ वेळा चित्र थिजले होते, पाच वेळा यंत्र बंद होऊन सुरू झाले होते. थिजण्याला काळवेळ नव्हता, फक्त बरीच कामे एकदम उघडी असली की ते जास्त. पण बंद पडण्याच्या पाचांपैकी चार वेळा फ्रिजचा कॉम्प्रेसर नुकता सुरू झाला होता किंवा मिक्सर लावला होता. मुलगी म्हणाली, "म्हणजे आजार दोन आहेत. आपण एकच धरून बसलो होतो."

तपासणीला हात घालण्याआधी मुलीने सगळे काम पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. यंत्र दुरुस्त होते, गेलेली पाने परत येत नाहीत. मग प्लग सॉकेटमधून काढला, सुरू करायचे बटन थोडा वेळ दाबून धरले, म्हणजे आत उरलीसुरली वीज जाते. खोक्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि मग झाकण उघडले. आत धुळीची घोंगडीच होती. पंख्याचे पाते बोटाने धरून रंगाच्या कोरड्या ब्रशने धूळ काढली. प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती वाळून खडू झाली होती. ती पुसून मसुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. दोन-तीन दिवस पाहिले. पंख्याचा आवाज कमी झाला, पण बिघाड दोन्ही तसेच. म्हणजे उष्णता हे कारण नव्हते. वहीत तशी नोंद केली.

पुढचे काम मुलीने केले. विंडोजमध्ये मोठी चूक झाली की निळा पडदा येतो, पण यंत्र लगेच आपोआप सुरू होते आणि तो वाचायला मिळत नाही. 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'मधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण तिने काढली. आता निळा पडदा आला असता तर तो तसाच थांबला असता. पण तो आलाच नाही. यंत्र पूर्वीसारखे झटक्यात काळे होऊन सुरू झाले. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद सापडली. धाकट्याला वाटले, रोग सापडला. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. का पडले ते ती सांगत नाही. तरी निळा पडदा न येता बंद पडणे आणि फ्रिजची वेळ, ही दोन्ही बोटे विजेकडे दाखवत होती.

आधी थिजण्याचा निकाल लावायचे ठरले. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, चार-चार जीबीच्या. 'मेमटेस्ट 86' नावाचा रॅम तपासणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालू ठेवला. सकाळी पडद्यावर लाल ओळीच लाल ओळी. आता दोनांतली कुठली? एकेक पट्टी एकटी, त्याच खाचेत बसवून एकेक रात्र तपासली. पहिली स्वच्छ. दुसरीत पुन्हा लाल ओळी. तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके घासून, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा टक्क आवाज येईपर्यंत नीट बसवून पाहिले. पुष्कळदा एवढ्याने भागते. आमचे भागले नाही. ती पट्टी काढून टाकली. यंत्र थोडे मंद झाले, पण आठ दिवसांत एकदाही थिजले नाही.

घरात आनंदीआनंद. पण त्याच आठ दिवसांत यंत्र तीन वेळा बंद होऊन सुरू झाले होते. वही नसती तर 'झाले दुरुस्त' म्हणून आम्ही गाफील राहिलो असतो आणि पुढच्या वेळी पुन्हा कुणाला तरी धरले असते.

आता राहिला एसएमपीएस. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेतून कॉम्प्युटरला लागणारी 12, 5 आणि 3.3 व्होल्टची वीज देणारा हा डबा. त्याच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत 12 व्होल्ट मिळायला हवेत. पाच टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे 11.4 ते 12.6. आगारातला जुना मल्टिमीटर घरात होताच. यंत्र रिकामे असताना 11.9 आकडा आला. मुलीने एकदम जड कामे उघडली तर 11.1. त्यात फ्रिज सुरू होऊन घरातली वीज क्षणभर दबली की तो डबा ते सोसू शकत नव्हता.

पण एवढ्यावरही निकाल दिला नाही. एकदा अंगाशी आले होते. शेजारच्या मुलाचा एसएमपीएस त्याच्या आईवडिलांना विचारून उसना आणला. सहा दिवस फ्रिज चालला, मिक्सर चालला, यंत्र ढिम्म हलले नाही. मग आमचा जुना परत बसवला. दुसऱ्या दिवशी चटणी वाटायला घेतली आणि पडदा काळा! त्या दिवशी बंद पडलेल्या कॉम्प्युटरकडे पाहून आम्ही चौघे हसलो.

एक गोष्ट मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावी. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज साठून राहू शकते. तो आख्खा बदलायचा असतो. मीटर लावायची सवय नसेल तर तेही जाणकाराकडून करून घ्यावे.

या सगळ्यात आणखी एक उघडकीला आले. खोक्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. आम्ही ते पावसाळी ओलीवर ढकलत होतो. सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला तारच नव्हती, अर्थिंग नव्हते. एसएमपीएसमधून अगदी थोडी वीज पत्र्यावर येते, ती अर्थिंगने जमिनीत जायची असते. वाट नसली की ती पत्र्यावरच राहते. आज झिणझिण्या, उद्या आत खरोखर तार सुटली तर जीवावर बेतायचे. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतले.

खर्च लिहून ठेवला आहे. पेस्ट 100, एसएमपीएस 1,200, जुनी पण तपासून घेतलेली रॅमची पट्टी 450, अर्थिंग 350. एकूण 2,100 रुपये. अठरा हजारांचे काम दोन हजार शंभरात झाले.

पण पोराचा हिशेब राहिला होता. आमच्या पिढीत बापाने मुलापुढे चूक कबूल करायची रीत नव्हती. आमच्या वडिलांनी कधी केली नाही. त्या रात्री जेवताना आईनेच विषय काढला. म्हणाली, "अहो, डब्यातल्या त्या पट्टीला तुम्ही दोन रात्री तपासलंत, मग काढलंत. पोराला तर एका मिनिटात काढलं. मीही तोंड फिरवलं." मग तिच्यासमोर आणि मुलीसमोर आम्ही त्याला म्हटले, "आमचं चुकलं. तुझ्याकडे काही नव्हतं. न बघता बोललो."

तो भाताचे घास कालवत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "मग रात्री अर्धा तास खेळू?"

मुलगी म्हणाली, "माझं काम सेव्ह झाल्यावर."

आज त्या घटनेला काळ लोटला. मुलीकडे दुसरे दोन क्लासवाले काम देतात आणि ती दर दहा मिनिटांनी सेव्ह करते. ती वही टेबलाजवळ खिळ्याला टांगलेली आहे. आता तिच्यात फक्त कॉम्प्युटरच्याच नोंदी नसतात. नळाचे पाणी केव्हा कमी झाले, लाइट बिल का वाढले, हेही धाकटा लिहितो. घरात काही बिघडले की पूर्वी आम्ही विचारायचो, "कुणी केलं?" आता आधी विचारतो, "वहीत काय आहे?"