तेरा भागांचे आम्ही

आमच्या पिढीतल्या टीव्हीच्या नटांना एकच पत्ता पाठ होता: दूरदर्शन केंद्र, वरळी. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि तिसऱ्या अंकात दोन वाक्यं बोलून जाणाऱ्या आमच्यासारख्यांना एकदम चेहरा मिळाला. पोटासाठी मात्र तिथे फारसं कोणी जात नव्हतं. पोट बँकेत, एलआयसीत, नाहीतर मंत्रालयात भरत होतं. घराघरांत गुंड्याभाऊ म्हणून ओळखले जाणारे बाळ कर्वेही महापालिकेत नोकरीला होते. रेकॉर्डिंगला अर्धी रजा टाकायची आणि दुसऱ्या दिवशी साहेब ‘काल दिसलात’ म्हणाले, की महिनाभर छाती फुगलेली.

आजचा नट पूर्णवेळ नट असतो, आणि हे चांगलंच झालं. त्याला रजेचा अर्ज करावा लागत नाही. फक्त रजा मिळत नाही. घोडबंदर रोडला किंवा मढच्या एखाद्या बंगल्यात बारा तासांची शिफ्ट, त्यावर येण्याजाण्याचे तीन-चार तास. घरी पोचतो तेव्हा घरचे त्याचीच मालिका बघून झोपलेले असतात.

काम मागायला आम्ही फोटो घेऊन फिरायचो. पोस्टकार्डाएवढा कृष्णधवल फोटो, हनुवटीखाली मूठ (ही मूठ कुठून आली कोण जाणे, पण सगळ्यांची असायची). मागे शाईने नाव, उंची आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर, त्यापुढे ‘पी. पी.’. भूमिका मिळणार की नाही हे निम्मं निर्मात्यावर आणि निम्मं शेजारच्या काकूंच्या मर्जीवर. गंमत म्हणून आठवायला हे ठीक आहे. पण केंद्र एकच. तिथे कोणाच्या मनातून उतरलात की दुसरं दार नव्हतं. आणि मुलींना परक्या ऑफिसांचे जिने एकटीने चढावे लागायचे, त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

आता जिने संपले. घरच्या भिंतीसमोर उभं राहायचं, नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची आणि व्हिडिओ पाठवून द्यायचा. पूर्वी तोंडावर ‘नाही’ म्हणायचे. आता दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काहीच होत नाही.

जीव अडकतो तो तालमीत. अर्ध्या तासाच्या नाटुकल्याला दिवसेंदिवस तालमी चालायच्या. जमिनीवर खडूने घर आखलेलं असायचं. ही भिंत, हे दार, इथे माजघर. चुकून भिंतीतून चालत गेलं की सगळे ओरडायचे. कापाकापीची सोय तुटपुंजी, त्यामुळे लांबलचक प्रवेश एका दमात. शेवटच्या वाक्याला कोणी अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि त्या माणसाने सगळ्यांना चहा पाजायचा. एवढं करून पडद्यावर काय दिसे? हलणारी भिंत, माइकची सावली, आणि शिवाजी मंदिरच्या बाल्कनीला ऐकू जाईल अशा आवाजात बायकोशी गुजगोष्टी करणारे आम्ही.

आजची मुलं आमच्यापेक्षा कितीतरी सहज बोलतात. तेही मेकअप चालू असताना हातात पडलेला सीन, तासाभरात उभा करून. कधीकधी तो दोन दिवसांत घरोघरी पोचतो. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि आकडा घसरला की कोणाचा तरी ‘ट्रॅक’ बंद होतो. काल घरातला करता पुरुष असलेला काका आज अमेरिकेला जातो. परत येत नाही. निरोपाचा सीनही नाही.

आमची मालिका तेरा भागांची. चौदाव्या आठवड्यात काम नाही हे पहिल्या दिवशीच ठाऊक असे. 1999 ला अल्फा मराठी आलं, वाहिन्या वाढल्या, आणि ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. कित्येक नटांच्या घराचे हप्ते अशा मालिकांनी फेडले. आमच्या तेरा भागांत दिवाळीचे कपडे येत. तेव्हा रडगाणं जपूनच गावं.

दूरदर्शनचा चेक पोस्टाने येई. रक्कम सांगायची लाज वाटावी इतकी. आज मानधन दिवसावर ठरतं, आकडाही बरा असतो. फक्त तो बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी मिळतो. मालिका मध्येच गुंडाळली, तरी नव्वद दिवसांनीच.