लेस्टरच्या कालव्यातून, पनवेलच्या खाडीकडे पाहताना

पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता सुटला की पुण्याच्या रस्त्यावर कोन लागते. एके काळी भाताच्या खाचरांचे हे गाव. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, ट्रकांचे तळ, गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारती आणि न्हावा-शेव्याकडून येणाऱ्या कंटेनरांची न संपणारी रांग. येथे व्यापार करणाऱ्याला मालाची वाट म्हणजे डांबराची वाट असेच वाटते. आमच्या कुटुंबाचे धान्याचे गोदाम येथेच आहे, आणि डिझेलचा भाव, टोल, घाटातली कोंडी हेच आमचे रोजचे बोलणे. याच मुलखाचा माल एके काळी पाण्यावरून मुंबईस जात असे, हे घरातील नव्या पिढीस सांगितले तरी खरे वाटत नाही.

मला ते नव्याने जाणवले ते इंग्लंडात. धाकट्या बहिणीचे कुटुंब लेस्टरला राहते. त्या शहरातील जैन समाज, जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ साली उभे राहिलेले तेथील देखणे मंदिर, यांविषयी वाचकांस ठाऊक असेलच. त्याविषयी येथे लिहीत नाही. दाजींनी जून महिन्यात चार दिवसांकरिता एक नॅरोबोट भाड्याने घेतली आणि आम्ही पाच जण मार्केट हार्बरो या गावच्या धक्क्यावरून निघालो.

नॅरोबोट नावाप्रमाणेच अरुंद असते. रुंदी जेमतेम सात फूट; लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. आगगाडीचा एक डबा पाण्यावर ठेवावा आणि त्यात ओळीने स्वयंपाकघर, बैठक, बिछाने व न्हाणीघर मांडावे, तसे आतले रूप. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर. प्रत्यक्षात त्याहूनही हळू जावे लागते, कारण लाटांनी मातीचे काठ ढासळतात. काठावरून फिरावयास निघालेले आजोबा आम्हांला सहज मागे टाकीत आणि जाताना टोपी उचलून नमस्कार करीत. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की नाव उजवीकडे वळते, हे हाताला समजावयास अर्धा दिवस लागतो. भाच्याला ते तासाभरात साधले. "मामा, तुम्ही चहा करा, मी आहे इथे," असे म्हणून त्याने मला स्वयंपाकघरात धाडले.

भोजनाची चिंता पत्नीला होती, ती पहिल्याच दिवशी मिटली. नावेवर गॅसची शेगडी, लहानसा फ्रिज, पिण्याच्या पाण्याची टाकी सारे असते. लेस्टरहून डाळ, तांदूळ, पीठ आणि भाज्या भरून घेतल्या होत्या. शिवाय त्या मुलखात जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्यांना एवढी सवड आपल्याकडे कधीच मिळत नाही.

हे कालवे सहलीसाठी खणलेले नाहीत. ते व्यापाऱ्यांनी, खाणमालकांनी आणि कारखानदारांनी नफ्याच्या हिशेबाने खणले. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा काढला. १७६१ साली त्यावरून नावा जाऊ लागल्या आणि शहरातला कोळशाचा भाव सुमारे निम्म्यावर आला. कारण साधे होते. तत्कालीन खडबडीत रस्त्यावर घोडागाडीतून दोन टन माल ओढताना दमणारा घोडा पाण्यावरची २५-३० टनांची नाव सहज ओढी. चिनी मातीच्या भांड्यांचा प्रसिद्ध कारखानदार जोसाया वेजवुड याने ट्रेंट व मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याचा पुरस्कार केला, तोही याच हिशेबाने. गाडीतून जाणारी भांडी वाटेत फुटत. नावेतून गेली की शाबूत पोहोचत. १७७७ साली तो कालवा पुरा झाला.

मालावर जकात वजनाप्रमाणे व मैलाप्रमाणे असे. आता २५ टन कोळसा काट्यावर कोण आणि कसा घालणार? कालव्याच्या कारकुनाजवळ एक मोजपट्टीची काठी असे. नावेचा काठ पाण्याच्या किती वर राहिला आहे हे तो चार ठिकाणी मोजी आणि प्रत्येक नावेसाठी आधीच तयार केलेल्या कोष्टकात पाहून वजन काढी. माल जितका अधिक, तितकी नाव खोल. आमच्या गोदामात इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तरीही वजनावरून वाद होतातच. त्या काठीपुढे वादास फारशी जागा उरत नसावी.

दुसऱ्या दिवशी फॉक्सटन आले. येथे कालवा एका टेकडीवर सुमारे ७५ फूट चढतो. पाणी चढ चढत नाही, म्हणून वाटेत दगडी हौद बांधलेले आहेत; त्यांस लॉक म्हणतात. नाव खालच्या हौदात शिरते, मागची दारे मिटतात, वरचे पाणी झडपांतून आत सोडले जाते, नाव पाण्याबरोबर उचलली जाते आणि पुढची दारे उघडतात. फॉक्सटनला असे दहा लॉक आहेत, पाच-पाचांच्या दोन जिन्यांत. एका लॉकचे वरचे दार हेच पुढच्याचे खालचे दार. १८१४ साली सुरू झालेली ही रचना आजही हातानेच चालते. झडपांवर लाल आणि पांढरा रंग दिलेला आहे. आधी लाल उघडावयाची, मग पांढरी. क्रम चुकला तर पाणी भलतीकडेच वाहते. बाजूला तळी आहेत, त्यांत पाणी साठवून पुन्हा वापरतात, कारण अशा एका अरुंद लॉकला एका खेपेस सुमारे सव्वा लाख लिटर पाणी लागते. टेकडीमाथ्यावरचे हे पाणी फुकट येत नाही. वेलफर्ड, सल्बी व नेझबी येथे त्याच कामासाठी बांधलेले जलाशय आहेत आणि आम्ही ज्या वेलफर्डच्या फाट्याने पुढे गेलो, तो त्या जलाशयांचे पाणी कालव्यात आणणारा पाटच आहे.

आम्हांला वर चढावयास तासभर लागला. दोन स्वयंसेवक सोबतीला होते, दोघेही निवृत्त. लोखंडी मूठ कशी धरावी, निसटली तर मनगट कसे वाचवावे, हे त्यांनी बहिणीला दोनदा करून दाखवले.

लॉकच्या शेजारीच गवताने भरलेला एक उतार आहे. व्यापारी वाचकांनी तो आवर्जून पाहावा. लॉकमध्ये वेळ जातो म्हणून कंपनीने १९०० साली येथे वाफेवर चालणारे यंत्र बसवले. पाण्याने भरलेल्या दोन प्रचंड टाक्या रुळांवरून एकमेकींस तोलीत वर-खाली जात आणि त्यांत नावा तरंगत असत. तासाभराचे काम बारा मिनिटांवर आले. परंतु पुढे वॉटफर्डच्या अरुंद लॉकांचे रुंदीकरण झाले नाही, त्यामुळे मोठ्या नावा आल्याच नाहीत. माल रेल्वेकडे वळत होता, आणि गिऱ्हाईक असो वा नसो, बॉयलर पेटता ठेवावा लागे. १९११ साली यंत्र थांबले, १९२८ मध्ये भंगारात गेले. एकाच ठिकाणची कोंडी फोडून पुढची तशीच ठेवण्याचा हा प्रकार पनवेल ते खोपोली नित्य ये-जा करणाऱ्यांस परका वाटू नये.

रेल्वे आल्यावर जकात आणि भाडे दोन्ही उतरले. नावाड्याला घरभाडे परवडेना, मदतनीस ठेवणे परवडेना. तेव्हा त्याने बायकामुलांना नावेवर आणले. दहा फुटांच्या खोलीत सारे कुटुंब. बायको सुकाणूवर, थोरला मुलगा घोड्यामागे, धाकटी लॉकच्या दारांशी. पगार एकट्या बापाला. लेस्टरशायरमधल्याच कोलव्हिल गावच्या जॉर्ज स्मिथने या मुलांसाठी झगडा केला आणि त्यातून १८७७ व १८८४ चे कायदे झाले. नावांची नोंद, खोलीत माणसे किती, मुलांची शाळा, यांविषयी नियम आले. नाव रोज पुढे जात असल्याने शाळा मात्र मुलांच्या वाट्यास तुटक-तुटकच आली. त्या खोल्यांच्या दारांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले आज पर्यटक कौतुकाने छायाचित्रांत टिपतात. कुटुंबाच्या हातांवर चालणारा धंदा आम्हां व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. गल्ल्याशेजारी बसून पाढे पाठ करणाऱ्या मुलाला निदान शाळा एकाच गावात होती.

पनवेलची कथा याहून निराळी, परंतु तिची सुरुवात तशीच आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी आधी नावेने पनवेलला येई आणि मग घाटाकडे निघे. मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका १८०९ मध्ये याच वाटेने पुण्यास गेली. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता झाला, तेव्हा देशावरचा माल बैलगाड्यांनी उतरून पनवेलच्या बंदरावर पडावांत चढू लागला. गाड्यांची चाके बनवणे हा पनवेलचा नामांकित धंदा झाला, तो उगीच नव्हे. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूस पडले. त्याला स्वतःची रेल्वे मिळावयास थेट १९६० चे दशक उजाडले.

तरीही खाडीतले पडाव लगेच थांबले नाहीत. आमच्या आजोबांच्या बोलण्यात त्यांचा उल्लेख नेहमी असे. इंग्लंडात लॉक होते, आमच्याकडे भरती होती. भरतीबरोबर पडाव आत येई, ओहोटीला चिखलात बसे, पुढच्या भरतीला निघे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जड पडाव वरपर्यंत येत. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा भार कमी घ्यावा लागे. दुकानातले पंचांग तिथीसाठी उघडले जाई, तसेच नाव केव्हा सुटेल यासाठीही. तांदूळ भिजला तर तोटा कोणाचा, हे तोंडी ठरे.

मग ट्रक आले, पूल झाले, आणि खाडी कोणाचीच उरली नाही. कोळीवाड्यातल्या होड्या आहेत. पण व्यापाऱ्याने पाठ फिरवली तेव्हा गाळ काढण्याचे, धक्का राखण्याचे काम कोणाच्या वहीत लिहिलेलेच नव्हते. कालवा आणि खाडी यांची तुलना पुरती न्याय्य नाही, हे मी जाणतो. कालव्याचे पाणी स्थिर. खाडी रोज दोनदा श्वास घेते आणि प्रत्येक श्वासाबरोबर गाळ आणते. तथापि इंग्लंडातले कालवेही मरणपंथाला लागलेच होते. टॉम रोल्ट नावाच्या एका यंत्रज्ञाने नावेवरच्या आपल्या प्रवासाचे पुस्तक १९४४ साली छापले, त्यातून १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. १९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारजमा झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठले, आणि जो थोडा माल उरला होता तोही रस्त्यावर गेला. १९६८ च्या कायद्याने सहलीच्या नावांसाठी कालवे राखण्याची तरतूद झाली. शेकडो लोकांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन बुजलेले लॉक मोकळे केले. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग एका विश्वस्त संस्थेकडे आहेत. नाव ठेवणाऱ्याला परवान्याचे शुल्क भरावे लागते, सरकार काही देते, दानही येते. पैसा पुरत नाही ही तक्रार तेथेही ऐकली. परंतु तक्रार करावयास समोर कोणी आहे.

आमच्याकडे पाण्यावरचा माल संपला असे मात्र नाही. कोनपासून फार दूर नाही अशा अंबा नदीच्या खाडीतून, धरमतरला, डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल आजही बार्जमधून भरती पाहूनच येतो. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यांत अंबा आहे आणि कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्गही आहे. पनवेल शहराने आपल्या वडाळे तळ्याचा काठ नीट केला, तेव्हा संध्याकाळी तेथे पाऊल ठेवावयास जागा उरेना. खाडीच्या काठाला अशी माणसे अजून लाभलेली नाहीत.

ज्यांना या कालव्यांवर जावयाचे आहे त्यांनी एप्रिल ते ऑक्टोबर हा काळ धरावा. भाड्याच्या नावेसाठी वेगळा परवाना लागत नाही. निघण्यापूर्वी तासभर सारे शिकवतात. लहान मुलांना तरंगती जाकिटे मागून घ्यावीत. मार्केट हार्बरोहून वेलफर्डपर्यंत जाऊन परत येण्यास चार दिवस पुरतात. वाटेत हजबंड्स बॉसवर्थचा सुमारे एक किलोमीटरचा बोगदा लागतो. त्यात पूर्वी घोडा टेकडीवरून चालवीत नेत आणि नावाडी पाठीवर पडून, पायांनी भिंत ढकलीत नाव पुढे नेत. आत छतातून पाणी ठिबकते. पावसाची टोपी हाताशी असावी, आणि समोरून दुसरी नाव आली तर उजव्या अंगाने राहावे.