फाळका उघडा होता ना!

चि. मंदार,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन लावला की तुझी आई, शालू, शेजारी येऊन बसते आणि स्पीकर लाव म्हणते. हे तिला ऐकवायचं नाही. एजंटाचा माणूस उद्या सकाळी कागदपत्रं घेऊन बोटीवर जाणार आहे, त्याच्याकडे देतो. वाचून झालं की फाडून टाक. समुद्रात टाकू नकोस, हल्ली तेही चालत नाही.

काल जयगडच्या गेटवर जेमतेम दहा मिनिटं भेटलास. घरापासून तासाभरावर बोट लागलीय आणि पोराला घरी येता येत नाही, हे शालूला अजून पटलेलं नाही. बोट धक्क्याला लागली म्हणजे काम संपलं, असं तिचं गणित. परतताना गाडीत मी समजावत होतो, की अगं, समुद्रावर चार तास पहारा आणि आठ तास सुटी, बंदरात सहा तास काम आणि सहा तास सुटी, आणि त्या सुटीतही सर्व्हेअर येतो, रेशन येतं. वजन उतरलं की बोट वर उठते, दोर ताणतात. भरती-ओहोटी वेगळीच. दोरांकडे रात्रभर बघावं लागतं. ती म्हणाली, "मग ते एवढे कामगार वर चढतात ते काय करतात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुझे डोळे लाल होते. चोवीस तासांत १० तास विश्रांती हा नियम आहे, तक्त्यात ते तास भरलेलेही असतील. झोपलास किती, ते मी विचारलं नाही. आमच्या वेळी मुंबईच्या इंदिरा डॉकला बोट लागली की आठवडेच्या आठवडे हलायची नाही. माझगावच्या गावकीच्या खोलीवर जाऊन भाकरी-सुकट खाऊन यायचो. आता ग्रॅब दीड-दोन दिवसांत पोट रिकामं करतो. असो.

तू विचारलंस ते आधी. शेवटच्या ड्राफ्ट सर्व्हेला मेटसाहेबांनी तुला सोबत घेतलंय, चांगलं आहे. सहाही खुणा वाच: पुढच्या, मधल्या, मागच्या, दोन्ही बाजूंच्या. समुद्राकडच्या बाजूला होडी मिळत असेल तर वरून वाकून बघत बसू नकोस. लाट वर-खाली होते तेव्हा बरेच आकडे घेऊन मधला धर. पाण्याची घनता स्वतः मोज. १.०२५ हा उघड्या समुद्राचा आकडा, तो डोळे मिटून लिहायचा नसतो. आता मे महिना आहे म्हणून ठीक, पण पावसाळ्यात शास्त्री नदीचं गोडं पाणी खाडीतून आलं की तीच बोट जास्त खोल बसते आणि सगळा हिशेब बिघडतो. बॅलास्टच्या टाक्यांची साउंडिंग घेताना बोट कलली आहे का तेही बघ. झालं. एवढंच तू विचारलं होतंस.

पण बोलता बोलता तू सहज सांगून गेलास, की ग्रॅबने शिडीचा कठडा वाकवला तो बघायला तीन नंबरच्या होल्डात मागच्या शिडीने उतरून आलास. हवा तपासायचा मीटर? "ऑफिसात राहिला. मामा, पाच मिनिटांचं काम, आणि हॅच उघडीच होती की!" शालू तेव्हा आंब्याच्या पेटीची दोरी सोडवत होती म्हणून मी गप्प बसलो. रात्रभर मात्र डोळा लागला नाही.

हॅच उघडी होती म्हणे! आम्ही फाळका म्हणायचो. अरे, फाळका उघडा असला तरी वारा लागतो तो मधल्या ढिगाला. शिडीची ती बंद कोठी असते ना, तिचं खालचं तोंड कोळशात गाडलेलं. तिथली हवा तीच, बोट इंडोनेशियाहून निघाली तेव्हापासूनची. कोळसा हवेतला प्राणवायू ओढून घेतो, कार्बन मोनॉक्साइड सोडतो, वर मिथेन. आपल्याला लागतो २०.९ टक्के प्राणवायू, आणि तो नसलेल्या हवेला ना वास असतो ना रंग. दम लागतोय हे कळायच्या आधीच गुडघे जातात. म्हणून मीटरची नळी वर, मध्ये, खाली अशी सोडून बघायची. हे तूच मला सुरक्षेच्या कोडमधून वाचून दाखवलं होतंस, आठवतं? तेव्हा माडीवर बसून मोठ्या ऐटीत वाचत होतास. दर दोन महिन्यांनी बोटीवर बंद जागेत उतरण्याची ड्रिल होते ती काय फोटोपुरती?

मी सारंग, तू ऑफिसर. तरी एक सांगतो. ढिगाऱ्याचा माल आपल्याला निपचित पडलेला दिसतो, तो तसा नसतो. भंगाराला गंज चढतो आणि गंज प्राणवायू खातो. लाकूडही खातं. गव्हात कीड मारायला टाकलेल्या गोळ्यांचा फॉस्फिन राहतो. आपल्या गोव्याच्या खनिजाची भुकटी घे: वरून कोरडी, पण डब्यात भरून टेबलावर पंचवीस वेळा आपट, पाणी वर येतं. बोटीच्या पोटातही तसंच होतं. २००९ साली मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' बुडाली आणि दोन महिन्यांत पारादीपला 'ब्लॅक रोज'. दोन्हींत लोहखनिजाची भुकटीच होती. म्हणून मी मालाकडे कधी पाठ केली नाही. बायको हसायची, की घरी आल्यावरसुद्धा तांदळाच्या कणगीत वाकायच्या आधी थांबता. थांबायचो खरा.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बंदराचं आणि बोटीचं नाव विचारू नकोस. कोळसाच होता, फाळका उघडाच होता, दुपारचं ऊन थेट आत पडलेलं. एक खलाशी विसरलेलं फावडं आणायला शिडीच्या कोठीत उतरला. ओरडला नाही, काही नाही, नुसता धप्प आवाज आला. त्याचा चुलतभाऊ माझ्या बाजूला उभा होता. तो धावला. मी त्याला कमरेला धरून डेकवर पाडला आणि वर बसलो. श्वासाचा संच येईपर्यंत तो मला चावत होता, आईबहिणीवरून शिव्या देत होता. संच आला तोवर खालचा गेला होता. वरचा वाचला. आता म्हातारा झालाय, चिपळूणच्या स्टँडवर कधी दिसतो. मला बघितलं की मान फिरवतो. मी पुन्हा तेच करीन, पण ती फिरवलेली मान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तू एकटा नव्हतास, हेही लक्षात घे. तू उतरताना कठड्याशी कामगार पोरं उभी असणार. इथलीच पोरं, सैतवड्याची, वाटदची. साहेब बिनामीटरचा उतरला म्हणजे उतरायला हरकत नाही, असं ती धरून चालतात. उद्या ढिगाचे कोपरे खरवडायला त्यांनाच खाली जायचंय. त्यांच्या आयांना मी ओळखतो रे.

जास्त लिहिलं असेन तर म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नकोस. नाही, घे.

पेटीतले खालच्या थरातले आंबे आधी काढ, ते पिकलेत. आणि मीटर गळ्यात अडकवलेला तुझा एक फोटो पाठव. केबिनमध्ये काढ, कोळशाच्या बोटीच्या डेकवर फोन बाहेर काढायचा नसतो. शालूला म्हणेन, बघ, पोरगा कसा रुबाबदार दिसतो.

तुझा,
मामा