नावानिशी दिलेलं मत

न्यू हॅम्पशायरमध्ये राहणाऱ्या माणसाला दर चार वर्षांनी फुकटचं महत्त्व येतं. अध्यक्षपदाचे उमेदवार ठरवणारी पहिली प्रायमरी आमच्या राज्यात होते. त्यामुळे एरवी टीव्हीवर दिसणारी माणसं इथल्या शाळांत आणि उपाहारगृहांत हात मिळवत फिरतात, आणि लोकही त्यांना खुशाल फैलावर घेतात. नागरिकत्व मिळाल्यानंतरची माझी पहिली निवडणूक २००८ ची. फेब्रुवारी २००७ मध्ये हिलरी क्लिंटन डोव्हरला येणार असं कळलं, तेव्हा थंडीची पर्वा न करता मी नॅशुआहून गाडी काढली.

एक बाई अध्यक्ष व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, म्हणूनच त्यांचं एक मत मला खुपत होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर लष्करी बळ वापरण्याचा अधिकार अध्यक्ष बुश यांना देणारा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला. त्या ७७ जणांत क्लिंटनबाई होत्या. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झालं. ज्यांच्यासाठी ते झालं म्हणतात ती महासंहारक अस्त्रं सापडलीच नाहीत, आणि २००७ उजाडेपर्यंत तीन हजार अमेरिकन सैनिक गेले होते. मेलेल्या इराकींची तर मोजदादही धड होत नव्हती.

डोव्हरला तो विषय निघणारच होता आणि निघालाही. बाई डगमगल्या नाहीत. ज्यांना त्या बाजूनं मत न दिलेला किंवा ते मत चूक होतं असं म्हणणारा उमेदवारच हवा असेल, त्यांना दुसरे पर्याय आहेत, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. दुसरे म्हणजे जॉन एडवर्ड्स. त्यांनीही ठरावाच्या बाजूनं मत दिलं होतं, पण २००५ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून चूक कबूल केली होती. क्लिंटनबाईंची मांडणी मात्र ठरलेली होती: मत युद्धासाठी नव्हतं, शस्त्रनिरीक्षकांना इराकमध्ये परत पाठवण्यासाठी होतं, आज जे कळलंय ते तेव्हा माहीत असतं तर असं मत दिलंच नसतं.

त्यांचा ठामपणा मला आवडला. उत्तर मात्र परत येताना गाडीत पोखरत राहिलं. तेव्हा माहीत नव्हतं म्हणावं, तर उरलेल्या २३ जणांना काय वेगळं माहीत होतं? गुप्तचर अहवाल तर सगळ्याच सिनेटरांसाठी उपलब्ध होता.

रविवारी साताऱ्याला फोन केला तेव्हा अण्णांना हे सांगितलं. अण्णा सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, एकाहत्तरची लढाई पाहिलेले.

“कुणी हो म्हटलं, कुणी नाही, हे नावानिशी लिहून ठेवलंय?” त्यांनी विचारलं.

“हो. कुणालाही बघता येतं.”

“मग तुमचं बरं आहे. आम्हाला हुकूम यायचा. वर कोण काय म्हणालं, हे आम्हाला कोण सांगणार?”

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे युद्धासाठी संसदेचं मत घ्यावंच असं बंधन नाही. याच इराकमध्ये भारतीय फौज पाठवायची अमेरिकेची विनंती जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारनं नाकारली. निर्णय मला पटला, पण तो मंत्रिमंडळाच्या समितीतला. तिथल्या कुणाला मी पाच वर्षांनी गाठून जाब विचारू शकले नसते.

मग मी ऑक्टोबर २००२ मधल्या त्या आठवड्यातल्या सिनेटच्या नोंदी वाचायला घेतल्या. त्याच वेळी सिनेटर कार्ल लेव्हिन यांची दुरुस्तीही मतास आली होती. संयुक्त राष्ट्रांनी नवा ठराव करून परवानगी दिली तरच बळ वापरा, नाहीतर पुन्हा काँग्रेसकडे या, असा तिचा आशय. ती ७५ विरुद्ध २४ मतांनी पडली. क्लिंटनबाईंचं मत विरोधात.

पुढे क्लिंटनबाईंच्या प्रचाराचा फोन आला, तसा मी त्या मुलाला लेव्हिन दुरुस्तीबद्दल विचारलं. तो गडबडला, “विचारून सांगतो” म्हणाला. आश्चर्य म्हणजे, दुसऱ्या कुणीतरी खरंच उलट फोन केला. अमेरिकेच्या अध्यक्षाचा निर्णय सुरक्षा परिषदेच्या मर्जीवर सोडणं बाईंना मान्य नव्हतं, असं उत्तर मिळालं. लॉस एंजेलिसच्या वादविवादात खुद्द बाईंनीही पुढे हेच सांगितलं.

डोव्हरच्या उत्तरापेक्षा मला हे जास्त प्रामाणिक वाटलं. आणि माझा निर्णयही त्यावरच झाला. हात मोकळे ठेवण्यासाठी ज्यांनी अट नाकारली, त्यांना ते हात पुढे कशाला वापरले गेले याची जबाबदारी माहितीवर ढकलता येत नाही.

८ जानेवारी २००८ ला मी ओबामांना मत दिलं. त्यांनी २००२ मध्येच शिकागोत या युद्धाविरुद्ध भाषण केलं होतं. पण तेव्हा ते इलिनॉयच्या विधिमंडळात होते, त्यांना हे मत द्यावंच लागलं नव्हतं. सिनेटमध्ये असतो तर काय केलं असतं ते ठाऊक नाही, असं त्यांनी २००४ मध्ये स्वतःच म्हटलं होतं. हे जमेस धरूनच मी मत दिलं. आमच्या राज्यात त्या दिवशी क्लिंटनबाईच जिंकल्या.

२०१४ च्या आत्मकथनात त्यांनी ते मत चुकल्याचं निःसंदिग्ध लिहिलं. कबुलीचं मोल आहेच, पण मतदार म्हणून मला तेवढ्यानं भागत नाही. माहितीच चुकीची होती असं कुणी प्रतिनिधी म्हणाला की मी दोन गोष्टी शोधते: त्या दिवशी समोर दुसरा कोणता पर्याय मतास होता, आणि तीच माहिती हातात असताना नाही कोण म्हणालं.